पहिल्या तुकड्याचा निकाल

रियाधच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी टेक्निशियन म्हणून मला आठ वर्षं झाली होती, आणि आपल्याला डॉक्टरांइतकंच कळतं असं मला वाटायला लागलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

शहराच्या अल सुलै भागातल्या गोदामात काम करणारे रत्नागिरीकडचे एक भाई नाकातल्या गाठीची बायोप्सी करून गेले होते. कॉरिडॉरमध्ये त्यांनी माझं मराठी ऐकलं आणि मी लगेच त्यांची ताई झाले. इथे आपल्या माणसांची रीतच आहे, रिपोर्टची वाट न बघता लॅबमधल्या ओळखीच्या माणसाला विचारायचं. म्हणाले, "ताई, मुलीचा लगीन हाय. खराब काय नाय ना? असला तर तिकीट कॅन्सल करतो."

बायोप्सीचे चार तुकडे होते. वाढत्या पेशींची केंद्रकं तपकिरी करणारा रंग, म्हणजे स्टेन, तेव्हा फक्त पहिल्या तुकड्यावर झाला होता. मी मायक्रोस्कोपमध्ये डोकावले. तपकिरी ठिपके तळाच्या थरापुरतेच, साध्या गाठीत असतात तसे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"साधी गाठ आहे, भाई. खुशाल जा."

दुसऱ्या दिवशी बाकीचे तुकडे आले. चौथ्यात तळापासून वरपर्यंत सगळं तपकिरी. ठिपके मोजायचे ते सगळ्यात दाट जागी, हे नव्या मुलींना मीच शिकवते! रिपोर्ट गेला, कॅन्सर. हॉस्पिटलने त्यांच्या सौदी नंबरवर फोन केले, तो बंद; ते गावी निघून गेले होते. गावचा नंबर त्यांनी मला देऊन ठेवला होता. मी लावला नाही. रिपोर्ट आधीच सांगितल्याचं बाहेर आलं असतं तर नोकरी गेली असती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही, गेला असता. कळवणं माझं काम नाही, असंही मी मनाला समजावलं. लिहायची लाज वाटते, पण त्या दिवसांत मी नीट जेवत होते.

अडीच महिन्यांनी ते परतले. डावा डोळा बाहेर ढकलला गेला होता. डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं. मी म्हणाले, "भाई, चूक माझी. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी गावी फोन लावून माझ्या हातात दिला. "घरवालीला तुमीच सांगा. माझा ऐकत नाय. बोलते, ताईंनी बघितलाय, डॉक्टर खोटा बोलतात."

पलीकडून बाईंचा आनंदी आवाज आला, "ताई, लगीन चांगला झाला. तुमच्यासाठी रोज दुवा मागते मी."