वणीवरची लाइन

सन सदुसष्टच्या सुमारास आमचे हे विमानदलातून सुटून प्रवासी विमानावर पायलट लागले. हैदराबादहून नागपूरला जाताना त्यांचं विमान खरोखरच आमच्या वणीवरून जायला लागलं. गावात कोणाला काही विशेष वाटलं नाही. गावाच्या मते हे गेली दहा वर्षं तेच करत होते.

गावाला हे ज्ञान दिलं होतं आमच्या शेजारच्या कंट्रोलरकाकांनी. काका मोटार स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती मोटार कधी सुटणार, तिच्यावर कोण ड्रायव्हर जाणार, सगळं त्यांच्या शिट्टीवर चालायचं. त्यामुळे जगात जे जे चालतं ते मोटार स्टँडसारखंच चालतं, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. छप्पन साली लग्न होऊन मी यवतमाळहून इथे आले, तेव्हा मांडवातच त्यांनी नवरदेवाला विचारलं, "विमानावर आहे म्हन्तेत. कोन्ता रूट देला?"

नवरदेव म्हणाले, "काका, मी एअरफोर्समदी आहे. आमाले रूट नसते."

"नवा आहे ना अजून," काका म्हणाले. "भेटन, भेटन."

आणि भेटला की! दुपारची जेवणं आटोपली की एक विमान गावावरून जायचं. पत्रे थरथरायचे, कुत्री भुंकायची. काकांनी एक दिवस मान वर करून ते पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि आळीला जाहीर केलं, "आपल्या एरियातल्या ड्रायव्हरले आपल्याच एरियातली लाइन देतेत. सरकारचा नियमच आहे तसा."

झालं! मी मॅट्रिक पास, म्हणून समजावायला गेले. म्हटलं, काका, ते कंपनीचं विमान, हे लष्करातले. हे तिकडे आसामात आहेत, तिथे बायको न्यायची परवानगी नाही, म्हणून तर मी इथे पापड लाटत बसले आहे. काकांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. म्हणाले, "सूनबाई, तुमी लहान आहा. माह्या हाताखालून किती ड्रायव्हर गेले, मालूम आहे का?" मी परत पापड लाटायला गेले.

पुढे हे सुट्टीवर घरी आले. अंगणात खाटेवर पडले असताना डोक्यावरून विमान गेलं. मला वाटलं, आता तरी गावाच्या डोक्यात उजेड पडेल. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "बदली ड्रायव्हर दिसते."

सगळ्यात खूश होत्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून त्या अंगणात यायच्या, आकाशाकडे दोन्ही हात ओवाळायच्या आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या. डाकोटा विमानाची दृष्ट काढणारी बाई जगात दुसरी नसेल. वर ओरडून विचारायच्या, "जेवला का रे?" मग माझ्याकडे वळायच्या. "पदर घे वं डोक्यावर. तो जाऊन राह्यला अन् तू अशी भुतासारखी उभी!" दुपारी वेणीफणी करून तयार राहायचं, कारण नवरा आठ हजार फुटांवरून पाहतो. असा छळ कोणाच्या वाट्याला आला असेल, तर तिनं मला भेटावं.

आणि आमचे हे! त्यांनी आईला खरं सांगावं की नाही? आत्याबाईंनी विचारलं, "वरून मी दिस्तो का रे तुले?" तर म्हणाले, "दिस्ते ना. तुह्या मिरच्यांचं वाळवणबी लाल दिस्ते." मी बाजूला गाठून विचारलं, कशाला खोटं बोलता हो? तर म्हणे, "आसाम कुठं आहे ते तिला काय कळणार? इथं रोज दिसतो, तेवढीच ती सुखी." वा, काय पण मातृभक्ती! दर्शन सासूबाईंना, आणि काळजी मला. घरातल्या कामांची इतकी चोख वाटणी मी दुसरी पाहिली नाही.

कारण मला माहीत होतं ते काय करतात. डोंगरांच्या घळीत विमान घालायचं, खालच्या ठाण्यांसाठी तांदळाची, डाळीची पोती दारातून ढकलायची, आणि समोरचा डोंगर अंगावर यायच्या आत वळून बाहेर पडायचं. ढग आले तर डोंगर दिसत नाही. त्यांचा एक जोडीदार असाच ढगात शिरला आणि विमानाचा पत्रासुद्धा सापडला नाही. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. पुरुषांना कोणत्या गोष्टीवर हसावं कळत नाही.

बासष्ट साली दसऱ्यानंतर त्यांचं पत्र येईनासं झालं. मग चीनचं युद्ध लागलं. रेडिओ कंट्रोलरकाकांकडेच होता. सगळी आळी त्यांच्या ओसरीवर बसून बातम्या ऐके. नेफा म्हणजे आसामपलीकडचे यांचेच डोंगर; ते नाव निघालं की मी आणखी पुढे सरकून बसायची. काका मान हलवत म्हणत, "बिचारे जवान. नशीब, आपल्याले तो रूट नाही."

दुपारी विमान जायचंच. आत्याबाई बोटं मोडायच्या. त्यांनी दिवाळीचं सगळं केलं, लाडू, चकल्या, अनारसे. मी तळणापाशी बसून डोळे पुसले, तर शेजारीण म्हणे, "काहून वं तोंड पाडून बसली? आत्ताच तं गेला!" भीती वाटते म्हणायचीही सोय नव्हती मला. नवरा रोज डोक्यावरून जातो त्या बाईला कसलं आलंय दुःख? पोस्टमन आळीत शिरला की मी दारामागे उभी राहायची. तो पुढे निघून गेला की पुन्हा चुलीकडे.

दिवाळी झाली आणि दुपारचं विमान यायचं बंद झालं. मला कळलं. कंपनीची विमानंसुद्धा लढाईसाठी तिकडे नेली असणार. म्हणजे तिकडचं काही खरं नाही. काकांनी मात्र दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "लाइन बंद केली. लाइन बंद झाली का ड्रायव्हरले सुट्टी भेटते. येऊनच राह्यला समजा, आत्याबाई!"

झालं, आत्याबाईंच्या अंगात वारं शिरलं. यांना आवडते म्हणून त्यांनी सांज्याच्या पोळ्या केल्या, डबा फडक्यात बांधला आणि मला घेऊन निघाल्या मोटार स्टँडवर, नागपूरकडच्या गाडीला. त्या दिवशी हे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताज्या पोळ्या, पुन्हा स्टँड. रोज गाडी यायची, बाजाराची माणसं, पोती, कोंबड्या सगळं उतरायचं. काका कंडक्टरला ओरडून विचारायचे, "आमचा विमानवाला नाही आला का जी?" कंडक्टर हसायचा. आत्याबाई म्हणायच्या, "उद्याच्या गाडीनं येईन." मी त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेऊन उभी. जिवंत आहे की नाही ते माहीत नसलेल्या माणसाला उतरवून घ्यायला.

एक दिवस काका मला म्हणाले, "सूनबाई, जरा हासा तं! नवरा सुट्टीवर येऊन राह्यला, अन् तुमचं तोंड मयतीले चालल्यावानी."

माझं डोकं फिरलं. सगळं स्टँड ऐकेल एवढ्या मोठ्यानं मी ओरडले, "कोणती सुट्टी? कोणती लाइन? ते विमान त्यांचं नव्हतंच! कधीच नव्हतं! ते लढाईत आहेत, काका. तुमच्या त्या रेडिओवर ज्या डोंगरांची नावं येतात ना, तिथं. दसऱ्यापासून पत्र नाही. तुम्ही मोटारी सोडा मुकाट्यानं!"

शिट्टी काकांच्या ओठांतच राहिली. त्यांना त्या वेळी सरकारचा एकही नियम आठवला नाही. टोपी काढून ते बाजूच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मले खरंच वाटलं होतं, पोरी."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई इथेच कोसळणार आणि पाप माझ्या माथी येणार. त्या डबा छातीशी धरून उभ्या होत्या.

"मंग आता कोठी आहे तो?"

"मालूम नाही, आत्याबाई."

"अन् तुले हे दसऱ्यापासून मालूम होतं?"

"हो."

"मी लाडू वळत होती तवाबी?"

मी मान डोलावली. त्यांनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं, फडक्याची गाठ सोडली, पोळीचा तुकडा मोडला आणि चारचौघांत माझ्या तोंडाशी धरला. सासूनं सुनेला असं भरवणं वणीत कोणी पाहिलं नव्हतं. "खाय," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस एकटीच भेत होती का वं तू? मले सांगतलं असतं, तं मी तुह्यासंगं भेली असती."