डेल्मरच्या शर्टाचं शेपूट

ऑटर क्रीकच्या आसपास कुणाचं हरीण जखमी होऊन जंगलात शिरलं, की लोक डेल्मर हॉगनला फोन करायचे. उत्तर विस्कॉन्सिनच्या त्या पट्ट्यात नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम सुरू झाला की कामधंदे ओस पडतात, आणि अर्धवट नेमाच्या लोकांची तर तिथं कधीच टंचाई नव्हती. डेल्मर जेवत असला तरी ताट तसंच ठेवून उठायचा. उभं आयुष्य लाकूड वाहणाऱ्या ट्रकवर गेलेला माणूस. बोलायला रुक्ष, पण बर्फावर पडलेला एखादा केस उचलून तो गोळी कुठं लागली ते सांगायचा. राठ, पांढरा केस म्हणजे पोट. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही, त्याला निवांत पडू द्यायचं, काही तास थांबायचं आणि मग मागावर जायचं. मात्र जायचंच.

त्याची बायको मार्लिस हिनं कपड्यांच्या लाकडी चिमट्यांना नारिंगी फिती बांधून दिल्या होत्या. रक्त दिसेल तिथल्या फांदीला एक चिमटा लावायचा आणि पुढचा थेंब शोधत रांगायचं. मागं वळून पाहिलं की चिमट्यांची ओळ दिसायची आणि जनावर कुठल्या दिशेनं चाललंय ते कळायचं. कॉफीच्या जुन्या डब्यात ते चिमटे खुळखुळवत डेल्मर आला, की ज्याचं हरीण हरवलंय त्याच्या जिवात जीव यायचा.

शेजारच्या जमिनीवरच्या लेनर्ड नोव्हाकचं शेवटचं हरीण त्यानंच शोधून दिलं होतं. लेनर्ड तेव्हा आजारानं पार खंगलेला, बंदूक धरताना हात कापायचे. नेम खाली गेला. वरून पाऊस, रक्त धुऊन चाललेलं. डेल्मर चिखलात हातापायांवर रांगत राहिला आणि हरीण घेऊनच परतला. लेनर्डनं त्या हिवाळ्यात तेच मांस खाल्लं. त्याची बायको अर्डिस ही गोष्ट कुणाला सांगत नसे, पण दर नाताळाला डेल्मरच्या दारात न चुकता बटाट्याच्या पोळ्यांचा डबा यायचा.

मग मार्लिस गेली. डेल्मरचे गुडघे कुरकुरायला लागले होते हे खरं, पण गुडघ्यांपेक्षा मन जास्त बसलं होतं. त्या वर्षी त्यानं एटीव्ही घेतली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, चिखल म्हणू नका, बर्फ म्हणू नका, कुठंही चढते. मारलेलं हरीण ओढून आणायला म्हणून घेतली. पुढं मचाणापर्यंत जायला लागली. पुढं तर सरपणाच्या ढिगापर्यंत जायलासुद्धा बूड सीटवरच. माणूस अशा गोष्टीला किती लवकर सरावतो, ते सरावलेल्याला कळत नाही.

हंगामात डेल्मर मार्लिसच्या भावाच्या, लायलच्या, खोपटात मुक्काम करायचा. तिसरा गॉर्डी, कागद गिरणीतला, जिभेला हाड नसलेला. त्यानं गाडीला 'गाय' नाव ठेवलं होतं.

"काय रे डेल्मर, दूध किती देते तुझी गाय?"

"तुझ्यापेक्षा उपयोगी आहे," डेल्मर म्हणायचा.

अर्डिसला मात्र ती गाय आवडत नव्हती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, अजून पायीच शिकारीला जायची. तिनं एकदा कुंपणाशी त्याला गाठून सुनावलं होतं, "तुझं ते धूड पहाटे हंबरत जातं, आणि माझी हरणं पार पलीकडच्या तालुक्यात पळतात. तुला पाय दिलेत ना देवानं?"

लायलच्या खोपटात चुलीमागच्या भिंतीवर चिंध्या टांगलेल्या होत्या. जो नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीनं कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि खिळ्याला लटकवायचं, ही त्या मुलखातली जुनी रीत. गॉर्डीच्या चिंध्यांची तर गोधडी झाली असती. डेल्मरची एकही नव्हती.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच दुपारी डेल्मरच्या मचाणासमोर एक चांगला शिंगवाला नर आला. डेल्मरनं बार काढला. हरीण पाठीत कमान करून उडालं आणि शेपूट पाडून झुडपांत शिरलं. लागली होती, आणि वाईट जागी लागली होती. तो खाली उतरला, गाडीवर बसला, आणि लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेनं रक्ताच्या कडेकडेनं गाडी चालवत गेला. सीटवरूनच वाकून त्यानं पाहिलं: राठ, पांढरे केस. रक्तात हिरवट घाण.

माग सीडरच्या झाडांच्या दलदलीत शिरला. तिथं झाडं एकमेकांत गुंतलेली, खाली पाणी आणि वर बर्फाचा पापुद्रा. गाडी आत जाणं शक्य नव्हतं. डेल्मर इंजिन चालू ठेवून बसून राहिला. पोटात लागलंय, थांबायलाच हवं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नियमच होता तो, त्याचाच. मग त्यानं गाडी वळवली. खोपटात चूल तापलेली होती, कॉफी होती, गुडघ्यांना ऊब लागली. अंधार पडायला लागला तेव्हा, सकाळी बघू, असं त्याच्या मनात आलं, आणि हे आपल्या मनात आलं याचं त्याला नवलही वाटलं नाही.

लायलनं विचारलं, "तुझ्याकडून बार ऐकला. काय झालं?"

"चुकला," डेल्मर म्हणाला.

शब्द सहज तोंडातून गेला. गॉर्डी तर आनंदानं उडालाच. "लायल, कात्री आण. हा दिवस बघायला मी जगलो रे!" दोघांनी डेल्मरला खुर्चीवर पालथा टाकला, शर्टाचं शेपूट कापलं, गॉर्डीनं ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं. डेल्मरही हसला. चिंधी खिळ्याला लागली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज त्याला रात्रभर झोपू देईना. नेम चुकल्याची थट्टा त्यानं अंगावर घेतली होती, त्याखालची गोष्ट झाकायला.

सकाळी तो उठून दलदलीकडे जायच्या आतच अर्डिस दारात उभी राहिली. बूट बर्फानं भरलेले.

"माझ्या बाजूला दलदलीच्या काठाशी रक्त आहे. कोल्ह्यांची पावलंही आहेत. तुमच्यापैकी कुणाचं?"

"आमचा एकच बार झाला, तो पण डेल्मरचा, आणि तो बघ कुठं लटकलाय," गॉर्डीनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"मग असेल कुणातरी उपटसुंभाचं," लायल म्हणाला. "डेल्मर, तू जा हिच्याबरोबर. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं?"

डेल्मरनं चिमट्यांचा डबा उचलला. बोलायची वेळ हीच होती. तोंड उघडलंही त्यानं, पण "चल" एवढंच निघालं.

आपणच जखमी केलेल्या जनावराचा माग तो अनोळखी असल्यासारखा काढू लागला. अर्डिस चिमटे हातात देत होती. हरीण तिच्या बाजूला बाहेर आलं होतं, थोडं घुटमळलं होतं आणि परत आत वळलं होतं. डेल्मर गुडघ्यांवर उतरला. बर्फाचा पापुद्रा फुटून पाणी कोपरापर्यंत आलं. गुडघे ठणकत होते, पण चालत होते. कालही चालले असते.

हरीण एका उन्मळलेल्या सीडरखाली सापडलं. कोल्ह्यांनी मागचा भाग खाल्ला होता. ते लवकर मेलं नव्हतं. बर्फात त्यानं उठायचा प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. डेल्मरला त्या वाचता येत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

"आलं कुठून ते बघू या," अर्डिस म्हणाली.

"आता काय करायचंय बघून? मेलं बिचारं."

"ज्यानं सोडलं त्याचा पत्ता लागला तर दोन शब्द ऐकवीन म्हणते."

ती पुढं झाली. डेल्मर मागून चालला. दलदल संपली तिथं लाकूडतोड्यांच्या वाटेवर जाड चाकांचा माग स्वच्छ उमटला होता. रक्ताच्या कडेकडेनं आलेला, काठाशी थांबलेला, इंजिनाच्या उष्णतेनं बर्फ वितळलेला, आणि गोल वळून परत गेलेला. अर्डिस चाकांच्या एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली. कुठंही बुटाचा ठसा नव्हता.

"खाली उतरलासुद्धा नाहीस," ती म्हणाली.

धरणीनं पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"लेनर्डसाठी तू चिखलात रांगला होतास. मी खिडकीतून बघत होते." एवढं बोलून तिनं उरलेले चिमटे डब्यात टाकले, डबा त्याच्या हातात दिला आणि आपल्या घराच्या वाटेला लागली. दोन शब्द ऐकवीन म्हणाली होती, त्यातला एकही शिवीचा नव्हता. शिवी दिली असती तर त्याला सोसली असती.

डेल्मर परत दलदलीत गेला. खिशातला आपल्या नावाचा टॅग, शिकारीच्या परवान्यावर एकाच हरणापुरता मिळणारा, काढून त्यानं हरणाच्या शिंगाला बांधला. म्हणजे त्याचा हंगाम संपला. मग दोर बांधून ते अर्धं जनावर ओढत, पडत, उठत तो खोपटाशी पोहोचला तेव्हा दुपार कलली होती.

गॉर्डी धावत बाहेर आला. वाकून त्यानं टॅगवरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या पापावर स्वतःचा टॅग लावलास? आणि गाय न नेता एवढं ओढत आणलंस? लायल, बाहेर ये, हा माणूस बघ."

लायलनं त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "मार्लिस म्हणायचीच. माझ्या नवऱ्यासारखा माणूस नाही म्हणून." त्याचे डोळे पाणावले होते. त्यानं त्याला आत नेलं, चुलीजवळ बसवलं, बूट स्वतः काढले, कपात कॉफी ओतून त्यात ब्रँडी घातली.

डेल्मरला वाटलं होतं, टॅग बघितला की कळेल, आपल्याला बोलावं लागणार नाही. पण त्याच्या नावावर आयुष्यभराचं इतकं चांगलं जमा होतं, की त्याची लाजसुद्धा लोकांना मोठेपणा वाटत होती. गॉर्डीनं कप उंचावला. "डेल्मरच्या नावानं."

डेल्मर उठला. अनवाणी भिंतीपाशी गेला आणि आपल्या शर्टाचं शेपूट त्यानं खिळ्यावरून काढलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "हे नेम चुकणाऱ्याचं. माझा चुकला नव्हता. काल पोटात लागली होती, मला माहीत होतं. दलदलीपर्यंत गाडीवर गेलो आणि परत आलो. खाली उतरलो नाही."

गॉर्डीचा कप तसाच हवेत राहिला, मग हळूच टेबलावर आला. लायल हातातल्या ओल्या बुटांकडे बघत होता. त्यानं ते चुलीपाशी ठेवले, जरा बाजूला सरकवले आणि बाहेर लाकडं आणायला गेला. चुलीशी लाकडं भरपूर होती.

त्यानंतरच्या हंगामातही डेल्मर लायलच्या खोपटात गेला. कुणी त्याला येऊ नको म्हटलं नाही. गॉर्डीनं थट्टाही केली नाही, आणि तेच जास्त लागलं. खिळा रिकामा होता, त्यावर दुसऱ्या कुणाची चिंधी कुणी लावली नव्हती. डेल्मर मचाणापर्यंत पायी जात होता.

एका संध्याकाळी अर्डिस आली. नदीपलीकडच्या कुणाचं तरी हरीण जखमी होऊन हरवलं होतं, त्यांनी तिला फोन केला होता. डेल्मर नकळत उठून उभा राहिला, जॅकेटच्या एका बाहीत हात घातला.

"चिमटे हवे होते," अर्डिस म्हणाली.

त्यानं फळीवरून डबा काढला. आतल्या फिती नीट आहेत ना ते पाहिलं, एक सुटत आलेली होती ती आवळून बांधली, आणि डबा तिच्या हातात दिला. ती चालत निघून गेली. झाडांत शिरेपर्यंत चिमट्यांचा खुळखुळाट त्याला ऐकू येत होता, आणि जॅकेटची एक बाही त्याच्या अंगात तशीच होती.