पहिल्या ओळीपासून

हिंदी मुलखातल्या आमच्या संस्थानी शहरात, माधवगंजातल्या मुलींच्या शाळेत मी पाणी भरायची, वर्ग झाडायची आणि घंटा द्यायची. माझं स्वतःचं शिक्षण मराठी चौथी. संस्थान विलीन झालं त्या सुमारास सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या मुली शाळेत येऊ लागल्या. त्यांत दोघी बहिणी होत्या. थोरली दहा-अकरा वर्षांची, वाटेत निर्वासितांच्या कॅम्पात हिंदी उचलून आलेली. धाकटी आठची, तिला सिंधीशिवाय काही येत नव्हतं. सिंधी लिहितात तशी वही ती मागून उघडायची आणि उजवीकडून लिहायची. अक्षर मात्र सुरेख.

इंग्रजीचे मास्तर आमच्यातलेच, मराठी. ते इंग्रजी वाचायचे, मग हिंदीत अर्थ सांगायचे, आणि त्या हिंदीत निम्मी मराठी. मोठ्या बाईंनी थोरलीला त्या तासाला धाकटीशेजारी बसू दिलं होतं. थोरली कानात सिंधीत सांगायची, धाकटी मान हलवायची. बरं चाललं होतं.

मग नव्या सरकारात शाळांची फेररचना निघाली. वरच्या वर्गांच्या मुली महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या दुसऱ्या शाळेत हलवल्या. थोरली गेली आणि धाकटीचं तोंड बंद झालं.

त्यांच्या आईने मला फाटकाशी गाठलं. "मौसी, इसके बाप ने कह दिया है, फेल हुई तो घर बैठेगी. आप देख लेना."

"देखूंगी," मी म्हटलं. काय बघणार होते, कपाळ?

मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, चाळीस पोरी आहेत माझ्यासमोर. सिंधी मला येत नाही, तुम्हालाही येत नाही. सांगा, काय करू?"

खोटं बोलत नव्हते.

परीक्षेला इंग्रजी पुस्तकातला चित्रांचा एक धडा होता; तो दाराबाहेरून ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. अर्थ ठाऊक नव्हता. मधल्या सुट्टीत मी धाकटीला माठांपाशी बसवलं आणि पाढे शिकले होते तसाच तो तिच्याकडून घोकून घेतला. "धिस इज अ कॅट" पासून खाली, वीस ओळी. चुकली की परत पहिल्यापासून. माझे उच्चार ऐकून ती पहिल्यांदा हसली. मला वाटलं, जमलं.

मास्तर जाता जाता म्हणाले, "मावशी, आता वर्गच घ्या तुम्ही."

"माठ तुम्ही भरा, घेते."

पंधरा दिवसांत ती एका दमात वीस ओळी म्हणू लागली.

परीक्षेला नव्या सरकारच्या शिक्षण खात्याचे साहेब आले, बाहेरगावचे. पुस्तकाचं पान उघडून त्यांनी गाईच्या चित्रावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं. धाकटीने हात बांधले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. त्यांनी थांबवलं. दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तिसऱ्यांदाही तेच.

"रटा हुआ है," साहेब म्हणाले. "समझती कुछ नहीं."

मी दारात उभी होते. गाय अकराव्या ओळीत होती. तिला थांबवलं नसतं तर ती तिथपर्यंत पोचली असती. पण बोट ठेवलं की मधूनच सांगायचं असतं, हे मी तिला शिकवलं नव्हतं. मलाच ते माहीत नव्हतं. बहिणीने कानात सांगितलेलं जे थोडंफार कळलं होतं, तेही माझ्या घोकंपट्टीखाली गेलं असेल. मी एक पाऊल आत टाकलं.

"घंटेची वेळ झाली का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि मागे सरले. पाणी भरणाऱ्या बाईचं साहेब काय ऐकणार? आणि सांगणार तरी काय होते?

निकाल लागल्यावर आई नाव काढायला आली. "मौसी, आपने तो कहा था."

"मैंने ही गलत सिखाया," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. उलट म्हणाली, "आपने तो सिखाया. औरों ने क्या किया?" ते जास्त लागलं.

धाकटी तिच्यामागे उभी होती. मला बघून तिला वाटलं असावं, म्हणायची वेळ झाली. हात बांधून तिने पहिल्या ओळीपासून सुरू केलं. आईने दंड धरून ओढलं, तरी ती म्हणतच फाटकाकडे गेली. तेवढ्यात तास संपला, मला घंटा द्यावी लागली. गाईपर्यंत पोचली की नाही, ते ऐकू आलं नाही.