येते म्हणणारी आजी

माझ्या मुलीनं एका स्पर्धेसाठी डिजिटल गेम बनवला तेव्हा घरात सगळ्यात जास्त त्रास मला झाला, कारण मला काहीच करू दिलं नाही. स्पर्धा शाळकरी मुलांनी केलेल्या शैक्षणिक आणि समाजोपयोगी गेम्सची होती. मोठ्यांनी अजिबात मदत करायची नाही, असं शाळेतल्या बाईंनी पालकसभेत सांगितलं आणि सगळे जर्मन पालक माना डोलावून घरी गेले. मी पुण्यात वाढलेली. आमच्याकडे मुलाचा प्रकल्प म्हणजे आईनं कापलेला थर्माकोल आणि बाबांनी रंगवलेला ज्वालामुखी. मुलानं तो फक्त न मोडता शाळेत पोचवायचा. त्यामुळे हा नियम इतर पालकांसाठी असणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्यातून माझा धंदाच चुका काढण्याचा. जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या एका कंपनीत मी गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासते. सीटबेल्ट लावला नाही की गाडी जी टिंगटिंग करते, ती वेळेवर करते की नाही हे बघायचा मला पगार मिळतो. अशा बाईच्या घरात गेम तयार होतोय आणि तिनंच तो बघायचा नाही, हा शुद्ध अन्याय होता. मी दूध द्यायच्या निमित्तानं खोलीत शिरले की लेक लॅपटॉप मिटायची आणि म्हणायची, "मामा, फरबोटन." म्हणजे मनाई. तेरा वर्षांची पोर, पण आवाज एकदम सरकारी. त्यावर माझ्या सासूबाई बाहेरून विचारायच्या, की आईला मामा काय म्हणते ही.

सासूबाई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. नातीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. आम्हा दोघांना त्याची सवय झालेली, सासूबाईंना कुठून असणार? त्यात जर्मन लोक "हो, नक्की" याला "ना क्लार" म्हणतात, आणि सासूबाईंना त्यातला "ना" तेवढा ऐकू यायचा. सासूबाई प्रेमानं विचारायच्या, "बसू का गं तुझ्याजवळ?" आणि नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, "ना क्लार." पहिल्या दिवशी सासूबाई खरंच उठून गेल्या. मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ समजावला आणि त्यांनाही तो कळला, पण कानाला कोण समजावणार. दिवसातून दहादा नात "ना क्लार" म्हणायची आणि दहाही वेळा त्यांचा चेहरा पडायचा.

मग मी दुभाषी झाले. सासूबाई तीन वाक्यं बोलायच्या, नात एक शब्द बोलायची, आणि मी त्या एका शब्दाची पदरचं प्रेम घालून तीन वाक्यं करायचे. सासूबाई शिक्षिका होत्या, कॉपी त्यांना लगेच ओळखू यायची. "एवढं सगळं बोलली होय ती," असं म्हणून त्या चष्मा पुसायला घ्यायच्या.

एकदा शाळेला सुट्टी होती आणि मी ऑफिसात होते. घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या, आणि मेथीचे हाल बघवत नव्हते.

"तुझ्या लेकीला मी जड झालेय," त्या म्हणाल्या.

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. सकाळीच नात फोन घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, आजी, येते म्हण. बिचाऱ्या हरखून गेल्या. म्हणाल्या, येते. पुन्हा म्हण. मग हसून म्हण, दमल्यासारखं म्हण, घाईत म्हण. शेवटी तर त्यांना घराच्या दारात उभं करून तिथून म्हणायला लावलं. "इतक्या दिवसांत पोरगी मराठीत बोलली ती एवढंच," सासूबाई म्हणाल्या. "निरोप घ्यायची तालीम करून घेतली माझी."

मी तरातरा लेकीच्या खोलीत गेले. ती म्हणाली, हे सगळं गेमचं गुपित आहे आणि मोठ्यांना सांगायचं नाही. आजीला वाईट वाटलंय, असं मी सांगितल्यावर ती लाल झाली, पण नियम म्हणजे नियम. स्वतःच्या पोटी असली सरळमार्गी मुलगी जन्माला आलेली बघून मी हतबल झाले.

जेवताना सासूबाईंनी मुलाला फर्मावलं, की माझं तिकीट पंधरा दिवस अलीकडचं करून घे. वर हेही म्हणाल्या, की पुन्हा काही मी इकडे यायची नाही. सासू-सुना म्हणून आमचे खटके उडतात, पण नकोशी झालेय अशा समजुतीनं त्या या घरातून गेल्या असत्या तर मला ते आयुष्यभर लागलं असतं. माझा नवरा मोटारींच्या कारखान्यात ब्रेकच्या विभागात आहे. घरातले विषय थांबवणंही त्याला छान जमतं. विमान कंपनीचा फोन लागत नाही, असं तो रोज सांगत राहिला.

इतक्यात लेकीचा गेम अंतिम फेरीत निवडला गेला आणि एका शनिवारी म्युनिकला सादर करायचं ठरलं. सासूबाई यायला तयार नव्हत्या. मी त्यांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. नवऱ्यानं आम्हाला दारात सोडलं आणि तो पार्किंग शोधायला गेला. जन्मभर गाड्या बनवतो, पण ती लावायला जागा त्याला कधी सापडत नाही.

आत एका गेममध्ये मधमाश्या वाचवायच्या होत्या, दुसऱ्यात कचरा योग्य रंगाच्या डब्यात टाकायचा होता. मग आमची लेक उठली आणि मोठ्या पडद्यावर एक म्हातारी आली. सुती साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

गेम साधा होता. ही आजी जर्मनीत एकटी बाहेर पडते आणि तिला भाषा येत नाही. ती बसमध्ये अडकते, औषधाच्या दुकानात अडकते, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रासमोर अडकते. खेळणाऱ्यानं न वैतागता तिला मदत करायची. जितका धीर, तितके गुण. काम झालं की आजी सासूबाईंच्याच आवाजात म्हणते, "येते हं," आणि चालू लागते. खाली जर्मनमध्ये अक्षरं उमटतात, इश कोमं. मी येते.

एक दाढीवाले परीक्षक खेळायला बसले. त्यांनी आजीच्या बाटल्या यंत्रात नीट आडव्या सरकवून दिल्या. आजी "येते हं" म्हणाली आणि पडद्याबाहेर गेली. परीक्षकांनी हात मांडीवर ठेवले आणि ते वाट बघू लागले. ही माणसं रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतात. सगळं सभागृह आजीची वाट बघत बसलं. अखेर ते अदबीनं म्हणाले, इथे एक चूक दिसते आहे, आजी येते म्हणाली पण आली नाही.

लेकीनं समजावलं, की आमच्यात घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. परीक्षक "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत ऐकत होते. मग म्हणाले, प्रथा फार सुंदर आहे, पण इथली मुलं गोंधळतील. इश गेहं लिही. मी जाते. लॅपटॉप समोर आहे, एक शब्द बदल, की चूक धरणार नाही. मी मागून हातवारे करून सांगत होते, बदल, बदल. खरं सांगायचं तर ही चूक मीसुद्धा काढली असती.

लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि परीक्षकांना म्हणाली, "नाइन. दास इस्ट काइन फेलर." ही चूक नाही.

बक्षीस मधमाश्यांना मिळालं. आम्हाला एक कापडी पिशवी आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी मिळाली. एका शब्दासाठी घालवलं, म्हणून मी धुमसत होते, आणि सासूबाई एकसारख्या विचारत होत्या की तो दाढीवाला काय म्हणत होता. मी नेहमीसारखं पदरचं घालून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेक येऊन त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"आजी," ती शब्द शोधत शोधत म्हणाली, "तो बोलला, आजी जाते लिही. मी नाही लिहिलं. माझी आजी जात नाही. आजी येते."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मला तर समोरचं धड दिसेना.

तेवढ्यात गाडी एकदाची लावून नवरा घामाघूम होऊन आला. "आई, पार्किंगमधून फोन लावला, लागला एकदाचा," तो म्हणाला. "तिकीट पंधरा दिवस अलीकडचं करून देतायत."

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुला कुणी सांगितले होते रे हे नसते उद्योग?"