विहिणीची हिरवी साडी

गोरक्षनाथ साडी कशी नेसून दाखवतो, हे श्रीरामपूरच्या बाजारात येणाऱ्या बायकांना विचारावं. पन्नाशीचा, मिशाळ, पोट सुटलेला गडी. पण शामकांतशेठच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर उभा राहून त्यानं निऱ्या पँटीत खोचल्या आणि पदर खांद्यावर टाकला, की हसायला टपलेल्या पोरीसुद्धा हसणं विसरून काठ बघायला लागत. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असं वाटलंही नव्हतं.

लग्नाचा बस्ता बांधावा तर त्यानंच. नवरीचा शालू, करवलीची, आत्याची, मग मानपानाच्या पंचवीस-तीस. सगळं घर गादीवर बसून भांडणार, चहाच्या तीन फेऱ्या होणार आणि शेवटी हा प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी टाचणीनं लावून खोक्यात घालणार.

या वैशाखात घोडेगावच्या आप्पासाहेबांनी मुलाचा बस्ता बांधला. विहीणबाईंसाठी, म्हणजे नवरीच्या आईसाठी, आप्पासाहेबांच्या बायकोनं एक राखाडी साडी बाजूला काढली आणि मंडळी जेवायला गेली. गोरक्षनाथ खोकी भरायला बसला. राखाडी साडीवर ‘विहीणबाई’ अशी चिठ्ठी लावताना त्याचा हात अडला. विहिणीला राखाडी? हा कुठला मान? बाईंचा गर्दीत काहीतरी घोटाळा झाला असणार. शेजारीच कुणा लांबच्या मामेबहिणीसाठी काढलेली, तेवढ्याच किमतीची, हिरवीगार जरीकाठाची साडी होती. यानं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि एका घराण्याची अब्रू राखल्याच्या समाधानात खोक्यांना दोरी बांधली. विचारायला काय झालं होतं? पण जाणत्या माणसाची हीच खोड. त्याला विचारावंसंच वाटत नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी आप्पासाहेबांचा फोन आला. शेठना मोबाईल कानाला लावायचा कंटाळा, म्हणून तो स्पीकरवर होता आणि सगळ्या दुकानानं ऐकला.

“शेठ, आमची विहीण विधवा हाय. नऊ वर्सं झाली. भर मांडवात खोकं उघडलं तर हिरवी साडी! आन् तिनं ती नेसली बी. भावकीत लई बोलनं झालं. त्या मानसाला काढा, न्हाईतर आमच्या भागातला एक बस्ता तुमच्याकडं येनार न्हाई.”

“सोमवारी बघतो,” शेठ म्हणाले.

बघतो! या एका शब्दानं गोरक्षनाथाची झोप उडवली. शेठनी त्याला चहा विचारला नाही, की याला वाटे, संपलं. विचारला, की वाटे, हा निरोपाचा. घडी घातलेल्या साड्या तो पुन्हा उलगडून घडी घालत बसला. घरी बायको म्हणाली, “काढलं तर काढलं. दुसरं दुकान बघा.”

“ह्या वयात? मिशीवाल्याला साडी नेसायला दुसरं कोन ठेवील गं?”

बायकोला हसू फुटलं, तोही हसला. पण ते खरं होतं.

सोमवारी शेठनी त्याला गल्ल्याजवळ बोलावलं. ते तोंड उघडणार, तोच एक बाई पिशवी घेऊन दुकानात आली.

“मी नेवाशाची पंकजा. घोडेगावला लेक दिली हाय,” असं म्हणत तिनं पिशवीतून हिरवी साडी काढली. “ही कुनी ठेवली हुती?”

गोरक्षनाथानं हात जोडले. “म्या, ताई. चुकलं माझं. घडी मोडलेली साडी दुकान परत घेत न्हाई, पर मी पदरचे घालून बदलून देतो.”

“बदलायला न्हाई आले. फॉल लावायचा राह्यलाय, तेवढा लावून द्या. घाईत तशीच नेसले हुते.” ती गादीवर टेकली. “खोकं उघडलं तवा मला वाटलं, व्याह्यांनी मान केला. नेसून भाईर आले, मंग कळलं, चुकून आली हुती. पर तवर लेकीनं बघितलं मला. मांडवात रडत बसलेली पोर, कशी हसली म्हनून सांगू! आता ही मी सोडनार न्हाई. व्याह्यांचं माझं मी बघते.”

शेठ गोरक्षनाथाकडे वळले. “खरं सांग. बाईंचं आधी ठाऊक असतं, तर काय केलं असतंस?”

‘हिरवीच ठेवली असती’ हे उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. बाई खूश झाली असती, नोकरीही वाचली असती. पण समोर ती साडी होती, आणि साडीपुढं त्याला खोटं बोलता येईना.

“राखाडीच ठेवली असती, शेठ. माझी बहीन हाय ना... दाजी गेल्यापास्नं सहा भाऊबीजा झाल्या. सहाच्या सहा साड्या फिक्या नेल्या म्या. ह्याच दुकानातनं, ह्याच हातानं निवडून.”

पंकजाबाईंनी विचारलं, “ती काय म्हनली न्हाई कधी?”

“न्हाई.”

“म्हनत न्हाई कुनी, भाऊ,” त्या म्हणाल्या.

गोरक्षनाथाला आपली अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. नोकरीचं तो साफ विसरला. “शेठ,” तो म्हणाला, “ह्या हिरव्यातलीच एक वरच्या फळीवर हाय. माझ्या नावावर ठेवा. भाऊबीजेपर्यंत न्हाई थांबायचं मला, आजच नेतो. पगारातून कापा.”

“कापतो. पाच महिने थोडे थोडे,” शेठ म्हणाले आणि फॉलचं बंडल शोधायला लागले.

गोरक्षनाथ शिडी चढला. साडी हाताला लागली आणि मग कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की पाच महिने पगार कापायचा, तर शेठना आधी तो द्यावा लागणार. तो तिथंच शिडीवर, साडी पोटाशी धरून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर रडला.