काकींची सही

शहराबाहेरून जादा वीज आणणारी नवी केबल आमच्या लालबागच्या गल्लीखालून जाणार होती. ते खोदकाम थांबवण्यासाठी चाळीत सह्या मी गोळा केल्या. रस्ता खणला तर बाप्पाची मूर्ती आत कशी येणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या काकींनी तर हात जोडून सही केली. काम वर्षभर लांबलं.

त्या उन्हाळ्यात टॉवरांबरोबर चाळीतही एसी वाढले. माझ्याच घरी दोन होते. जुन्या केबलींना भार झेपेना आणि भर दुपारी वीज जाऊ लागली. काकींना ऑक्सिजनचं मशीन लागायचं. ते सारखं बंद पडायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना दादरला आपल्या घरी नेलं. जिना उतरताना त्या दर पायरीला थांबत होत्या.

पुढच्या वर्षी नवी केबल टाकली गेली. रस्ता खणलेला असतानाही मूर्ती मागच्या गल्लीतून नीट आली, मग तो बुजवला गेला. यंदा मे महिन्यात एसी आणखी वाढले होते, पण वीज टिकली. काकी परत आल्या. दाराशी खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि आतून मशीनचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी मी समोर जाऊन उभा राहिलो.

"काय रे, परत सही पाहिजे?" त्या हसल्या.

"नको काकी. तेव्हा मी बाप्पाचं नाव पुढे केलं. खरं तर मला गल्लीतली माझ्या गाडीची जागा सोडायची नव्हती. तुम्हाला घर सोडावं लागलं ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."