सासऱ्यांचा हात

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी महाडला कोर्टात कारकून होतो आणि रायगड एकदाही चढलो नव्हतो. पण कुडपणला सासुरवाडीस गेलो की गडावरची तळी, समाधी, बाजारपेठ यांचं वर्णन अशा थाटात करायचो, की एका हिवाळ्यात सासरे म्हणाले, आता तुम्हीच दाखवा.

बरोबर धाकटा साडू निघाला. मुंबईला गिरणीत होता. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, माझ्या फाटक्या वहाणांशेजारी अगदी डोळ्यांत खुपणारे. पण सासऱ्यांचा गुडघा दुखायचा आणि चढताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. बूट असू देत त्याच्याकडे, खांदा माझा होता.

मधल्या एका टेकावर साडू एका पडक्या चौथऱ्याची हकिकत सांगू लागला. कुठल्याशा पुस्तकात वाचली होती म्हणे. ऐकता ऐकता सासऱ्यांचा हात माझ्या खांद्यावरून उठला आणि त्याच्या खांद्यावर गेला. माझा नुसता जळफळाट झाला.

वर पोचल्यावर दोन वाटा फुटल्या. कुणी विचारायच्या आत मी रुंद, मळलेली वाट धरली आणि "समाधी इकडे" म्हणून पुढे झालो. बरंच चालल्यावर वाट संपली ती एका तळ्यात. तळ्यात पाच म्हशी. काठावर ताक विकणारी धनगरीण म्हणाली, "समाधी पार तिकडं हाय. ही म्हशींची वाट."

मी तळ्याकडे बघत राहिलो. तोच साडू म्हणाला, "मामा, मीच यांना म्हटलं होतं, आधी ताक पिऊ."

इतकं सफाईदार खोटं मला जन्मात जमलं नसतं. त्याचाही हेवा वाटला.

ताक पिऊन साडू भांडी विसळायला तळ्यावर गेला. सासरे उठले आणि त्यांनी हात पुन्हा माझ्या खांद्यावर ठेवला. मी जरा ताठ झालो.

"जावयबापू, शेण बघूनच मला कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "पन तुमी एवढ्या ऐटीत चाललेले, म्हटलं कशाला बोला."

मग साडूकडे बघून म्हणाले, "थोरल्याला कसा सांभाळून घेतो बघा. गुणी हाय."

समाधीपर्यंत तो हात माझ्याच खांद्यावर होता. चांगलाच जड लागत होता.